ओला कोपरा

तोंडाचे कोपरे उलले की निदान घरातच होऊन जाते. कुणी म्हणते उष्णता झाली, कुणी म्हणते व्हिटॅमिन कमी पडले. मग उल्हासनगरच्या कुठल्याही कॅम्पातल्या मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी येते, आठ-दहा दिवसांत चीर मिटते आणि श्रेय कॅप्सुलला जाते. महिन्याभराने तीच चीर पुन्हा उघडते, तेव्हा मात्र कॅप्सुलवर संशय घ्यायला कुणी तयार नसते. बहुतेक वेळा या दुखण्याचे मूळ आहारात कमी आणि त्या कोपऱ्याच्या ओलाव्यात जास्त असते.

ही चीर पडते कशी ते पाहिले की हे पटते. ओठांच्या कोपऱ्यात लाळ साचते. धुणे धुऊन बोटे पांढुरकी, फुगीर व्हावीत तशी तिथली कातडी होते. ती भिजलेली कातडी सुकताना आकसते, खेचल्यासारखी वाटते, म्हणून जीभ आपसूक तिथे फिरते आणि पुन्हा ओल येते. बदलापूर-अंबरनाथकडे थंडीत पारा मुंबईपेक्षा खाली उतरतो, तेव्हा हे चाटणे वाढते. फटीत कँडिडा नावाची बुरशी किंवा स्टॅफिलोकोकस जिवाणू घर करतात, बरेचदा दोन्ही. बोटावरच्या जखमेला पट्टी बांधून विसावा देता येतो, तोंडाच्या कोपऱ्याला तो मिळत नाही. रात्री धरलेली नाजूक खपली सकाळी लोकल पकडण्याआधी वडापावसाठी आ केला की फाटते, आणि वर लसणाची चटणी झोंबते ती वेगळीच. दालपकवानच्या कडक तुकड्यानेही तेच होते.

यावर आक्षेप येतो की जीवनसत्त्वाचा संबंध तर सिद्ध झालेला आहे. झालेला आहेच. १९३८ साली अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर या संशोधकांनी १८ स्त्रियांना रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, अत्यल्प असलेला आहार दिला. त्यांतल्या १० जणींचे कोपरे चिरले आणि रायबोफ्लेविन दिल्यावर ते भरून आले. पण लक्षणे दिसायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला होता, आणि इतक्या अपुऱ्या आहारावरही आठ जणी सुटल्या. रोज दूध, डाळ, भाजी पोटात जाणाऱ्याचा कोपरा आठवडाभराच्या हेळसांडीने बी-२ अभावी फाटला, असे त्यावरून म्हणता येत नाही. प्रौढाची रोजची गरज साधारण दोन मिलिग्रॅमची, बऱ्याच कॅप्सुलांत दहा असतात, आणि जास्तीचे पिवळ्याजर्द लघवीवाटे निघून जाते. तरी अभावाची शंका अगदी फेकून देण्यासारखी नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि लोहाची कमतरता हे कोपरे चिरण्याचे मान्य कारण आहे. गंमत अशी की नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्समध्ये लोह नसतेच. म्हणजे शंका रास्त, गोळी भलतीच. वारंवार चिरत असेल तर हिमोग्लोबिन आणि रक्तातली साखर तपासणे पट्टीमागून पट्टी संपवण्यापेक्षा शहाणपणाचे. मधुमेहात कँडिडा बुरशी अधिक माजते.

आजीने लावलेले साजूक तूप उपयोगी पडते, पण उष्णता ‘ओढून’ घेऊन नव्हे. ते लाळ आणि कातडी यांच्यामध्ये आडोसा धरते, व्हॅसलीनही तेच करते. बुरशी मात्र तुपाने मरत नाही, त्यासाठी डॉक्टरने दिलेले मलम पुरेसे दिवस लावावे लागते, आणि जिवाणू असतील तर मलमही वेगळे. एकाच बाजूला आधी बारीक पाण्याचे फोड आले असतील तर ते बहुधा हर्पिस, त्याचे उपचार निराळे. सर्वांत चिवट दुखणे म्हाताऱ्यांचे. दात गेले की जबड्याचे हाड झिजते, नाक-हनुवटीतले अंतर घटते, कोपऱ्यात घडी पडते आणि ती सदा ओली राहते. जुनी कवळी झिजून सैल झाली की घडी आणखी खोल होते, शिवाय कवळीच्या अ‍ॅक्रिलिकवर बुरशीचा थर बसतो. अशा आजोबांच्या ओठाला महिनाभर मलम चोळले तरी सकाळी कवळी तोंडात गेली की बुरशी पुन्हा हजर. कवळी रोज ब्रशने घासायची, रात्री काढून भिजत ठेवायची आणि झिजून तिची उंचीच कमी झाली असेल तर दंतवैद्याकडून नवी करून घ्यायची.