गाणं सोडलेल्या बाईची वोलोफ

गोव्यातल्या राशोलहून १६१६ साली छापलेलं, बायबलची कथा ओव्यांत सांगणारं ख्रिस्तपुराण वाचलं आणि नाद लागला: ओवीसारखी देशी गाण्याची वाट धरून बायबल आणखी कुठे कुठे गेलं ते हुडकायचं. त्या नादापायी सेनेगल-गांबियाच्या वोलोफ भाषेपर्यंत पोचलो. तिथं आधी भेटली ती न गाणारी बाई.

हॅना किलम, जन्म शेफील्ड, १७७४. तरुणपणी मेथॉडिस्ट, म्हणजे घसा मोकळा करून स्तोत्रं गाणाऱ्यांत. नवरा अलेक्झांडर यानं त्या पंथात बंड करून वेगळी चूल मांडलेली. १७९८ साली लग्न, त्याच वर्षी वैधव्य. पुढे ती क्वेकर झाली. त्यांच्या त्या काळच्या उपासनेत स्तोत्र नसे, वाद्य नसे, पाद्रीही नसे. सगळे गप्प बसत. आतून हाक आली तरच कुणी उठून बोले.

या बाईनं इंग्लंडातच सांडानी आणि महमदी या दोन आफ्रिकी खलाशांकडून वोलोफ शिकून घेतली. १८२० मध्ये तिचं पहिलं वोलोफ पुस्तक निघालं, १८२३ मध्ये दुसरं. त्याच्या तिसऱ्या भागात बायबलमधले निवडक उतारे. त्याच साली ती गांबियात उतरली. पोरांना आधी त्यांच्या भाषेत वाचू द्या, इंग्रजी मागाहून, हा तिचा हट्ट. १८३२ मध्ये लायबेरियाहून परतताना ती समुद्रातच वारली.

तिचे उतारे कागदावरच राहिले, याचं मला नवल वाटत नाही. वोलोफ समाजात शब्द टिकतो तो गळ्यात. घराण्यांची कुळं आणि कीर्ती गाणारे गेवेल ही तिथली पिढीजात जात. मुरीद या मुस्लिम सूफी पंथाचे लोक संस्थापक आमादू बांबाच्या अरबी कसिदा, म्हणजे स्तुतिकाव्यं, रात्ररात्र गातात. मूसा का या कवीनं तर अरबी लिपीत वोलोफ काव्यच रचलं. सेनेगलमध्ये ख्रिस्ती शंभरात जेमतेम पाच. शब्द गळ्यात उतरवण्याची जी गोष्ट मुरिदांना सहज साधली, ती चर्चला फार उशिरा सुचली.

ती सुचली डाकारपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या केर मूसा मठात. ग्रेगोरियन गायनाचं पुनरुज्जीवन करणाऱ्या फ्रान्समधल्या सोलेम मठाचे बेनेडिक्टीन साधू १९६० च्या दशकाच्या आरंभी इथं आले. त्यांच्यातल्या दोमिनिक काता यांनी कोरा हे एकवीस तारांचं वाद्य उपासनेत आणलं. मठात कोरा बनवण्याचा कारखाना निघाला. मानेवरची चामड्याची कडी सरकवत तारा लावण्याऐवजी खुंट्या आल्या. पिढ्यान् पिढ्या तोंडी चाललेल्या वादनासाठी कातांनी स्वरलेखनही बसवलं.

संगीत सुरेखच आहे. तरी माझी तक्रार आहे. कोरा हे मूळचं शेजारच्या मांडिंका लोकांचं वाद्य, वोलोफांचं आपलं म्हणावं ते खालाम हे तंतुवाद्य. शिवाय मठातलं बरंच गायन फ्रेंचमध्ये. कानाची तयारी सोलेमची, हे लपत नाही. किलमबाईला सूर वर्ज्य होता, पण भाषा कुठून उचलायची हे तिला पक्कं कळलं होतं. त्यासाठी ती खलाशांची शिष्य झाली. कातांनी सूर शोधला तो शेजाऱ्यांच्या घरात, आणि खुंट्यांचे ते कोरे आता दूरदेशीचे वादकही मागवतात.