निम्मा भार उचलतो कोण?

सन 2100 मध्ये हवेत कार्बन डायऑक्साइड किती असेल, या प्रश्नाला शास्त्रज्ञ एकच आकडा देत नाहीत. का, ते आजच्या जमाखर्चातून कळते.

कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून आपण वर्षाला सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जंगलतोडीची भर वेगळीच. हवाईतील मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत या वायूचे सुमारे 315 होते. आज ते 420 च्या वर आहेत. सोडलेले सगळे हवेतच राहिले असते, तर वाढ जवळजवळ दुप्पट झाली असती. निम्म्याच्या आसपास वायू समुद्र, झाडे आणि माती शोषून घेतात.

समुद्राचे रसायनशास्त्र बऱ्यापैकी उलगडले आहे. खरा पेच जमिनीचा. जास्त कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांना जास्त खाद्य, हे खरे. पण ते अंगी लागतेच असे नाही. सिडनीजवळच्या जुन्या निलगिरीच्या जंगलात शास्त्रज्ञांनी मनोरे उभारून काही वर्षे झाडांभोवती हा वायू वाढवून सोडला. पानांनी सुमारे 12 टक्के जास्त कार्बन घेतला, पण खोडे जाड झाली नाहीत. त्या मातीत फॉस्फरस कमी आहे. जादा कार्बनचा बराचसा भाग श्वसनावाटे हवेत परतला. एकूण जादा कार्बनपैकी सुमारे निम्मा तर एकट्या मातीतून.

आता असे प्रत्येक जंगल, प्रत्येक माती संगणकात बसवायची. शिवाय तापमान वाढले की मातीतले सूक्ष्मजीव कुजवण्याचे काम वेगाने करतात. किती वेगाने, यावर एकमत नाही. 2006 मध्ये 11 मॉडेलांना उत्सर्जनाचे एकच गृहीत देऊन पाहिले. तापमानवाढीमुळे निसर्गाची शोषणशक्ती घटून 2100 पर्यंत हवेत आणखी किती भर पडेल? उत्तरे आली दर दहा लाख रेणूंत 20 पासून 200 पर्यंत. उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीत हवेतल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कार्बन आहे. ती जमीन वितळून तो सुटला तर काय, हे त्या मॉडेलांत धरलेलेच नव्हते.

एवढ्या मोठ्या फरकाकडे बोट दाखवून काही जण म्हणतात, मग कशावरच विश्वास नको. मला हे पटत नाही. त्या 11 पैकी एकाही मॉडेलने तापमानवाढीमुळे निसर्गाची शोषणशक्ती वाढेल असे म्हटले नाही. मतभेद होता तो भर किती पडेल यावर. म्हणून उत्सर्जनाची मर्यादा ठरवणाऱ्यांनी जंगलांचा आजचा हातभार उद्याही तेवढाच मिळेल असे धरू नये.