सहा मिलिमीटरची शर्यत

वाशिमहून सायकलीने अकोल्याला जाऊन परत आलात, तरी काही मैल उरतील एवढे ते अंतर : 213 किलोमीटर! 2017च्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीतल्या त्या टप्प्याचा निकाल मात्र लागला अवघ्या सहा मिलिमीटरनी. विजेता होता जर्मनीचा मार्सेल किटेल. अशा वेगवान सायकलपटूला दिवसभर वाऱ्यापासून आडोसा देतात ते त्याचे संघातले सोबती. शेवटचे सुमारे दोनशे मीटर तेवढे त्याचे एकट्याचे. या शर्यतीचे एकूण 14 टप्पे किटेलने जिंकले. पुढे थकवा आला, मन उडाले. 2019मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याने सायकल बाजूला ठेवली. घरी बाळ येणार होते. त्याचे वाढणे दुरून पाहायची त्याची तयारी नव्हती.