हुकूमनामा आणि २२५ चौरस फूट

कोणताही कायदा रचताना कायदेकर्त्यांच्या मनश्चक्षूंपुढे एक विशिष्ट माणूस आणि त्याचे एक विशिष्ट घर उभे असते, आणि कलमांची भाषा कितीही सर्वसमावेशक असली तरी त्या घराची ठेवण तिच्यातून डोकावल्याखेरीज राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करण्यासाठी संसदेने २००५ साली संमत केलेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेला अधिनियम वाचताना मला तरी नेहमी असे वाटत आले आहे, की त्याच्या मागे उभ्या असलेल्या घरात निदान दोन खोल्या आहेत, घरधन्याला महिन्याच्या ठरावीक तारखेस पगार मिळतो, त्याचा मालक सापडण्याजोग्या पत्त्यावर बसतो, आणि दारावर नोटीस चिकटवावी म्हटले तर दार आहे. २००९ सालच्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांच्या तळाशी ज्याचा क्रमांक लागला, त्या ‘एम पूर्व’ विभागातल्या मानखुर्दला, तेथल्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारतींत किंवा मंडाळ्याच्या झोपड्यांत, यांपैकी सर्व गोष्टी एकत्र असलेले घर क्वचितच आढळेल. या कायद्याच्या मर्यादांविषयीची चर्चा बहुधा न्यायालयीन विलंबापाशी येऊन थांबते. विलंब आहे, हे कोण नाकारील? परंतु उद्या सर्व खटले आठ दिवसांत निकालात निघू लागले, तरी मानखुर्दच्या पुष्कळशा स्त्रियांच्या पदरात पडलेला हुकूम कागदावरच राहील, आणि त्याचे कारण न्यायाधीशाच्या टेबलावर नसून घराच्या क्षेत्रफळात आणि पुरुषाच्या कमाईच्या स्वरूपात आहे.

कायद्याला न्याय देऊन बोलायचे, तर त्याच्या औदार्याविषयी शंका नाही. १९८३ साली दंडसंहितेत आलेले ४९८अ हे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांखाली गेले आहे, अपराध्याला शिक्षा देऊ शकत होते. परंतु नवरा तुरुंगात गेल्यावर बाईने रात्री निजायचे कोठे आणि उद्याचे रेशन भरायचे कशाने, याबद्दल ते मौन पाळत होते. २००५ च्या कायद्याने ते मौन मोडले. मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैशाची नाकेबंदी, लैंगिक छळ यांनाही हिंसाचार ठरवले. पत्नीखेरीज आई, बहीण, मुलगी, तसेच विवाहासारख्या संबंधात राहिलेली स्त्री यांनाही दाद मागण्याचा हक्क दिला. आणि एकाच अर्जावर संरक्षण, निवास, पोटगी, मुलांचा ताबा व नुकसानभरपाई असे पाच प्रकारचे हुकूम देण्याची मुभा दंडाधिकाऱ्यास दिली. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांच्या आत, नोटिशीची बजावणी दोन दिवसांत, आणि अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, अशी मुदतही त्यात घातलेली आहे. मानखुर्दहून हार्बर मार्गाने गोवंडी, चेंबूर, टिळकनगर ओलांडून कुर्ल्याच्या न्यायालयात तारखेला येणाऱ्या स्त्रीला हे साठ दिवस सांगितले, तर ती हसेल किंवा वकिलाकडे पाहील.

प्रथम निवासाचा विचार करू, कारण मुंबईत भांडणाचे मूळ आणि भांडणाचा निकाल या दोहोंनाही अखेर जागेचेच माप लागते. कायद्याच्या १७ व्या कलमाने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग त्या घरात तिची मालकी असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये बत्रा खटल्यात या हक्काचा बराच संकोच केला आणि सासूच्या नावावरील घर सामायिक होऊ शकत नाही असे ठरवले. जवळजवळ चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२० रोजी, आहुजा खटल्यात तो निर्णय चुकीचा ठरून रद्दबातल झाला. या दोन निवाड्यांवर विधिज्ञांनी रकानेच्या रकाने लिहिले आहेत. मात्र मानखुर्दच्या दृष्टीने त्यांहून महत्त्वाची तरतूद मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत एका कोपऱ्यात पडून आहे: झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारी खोली झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार या दोघांच्या संयुक्त मालकीची असेल आणि सोसायटीच्या दप्तरात व भागदाखल्यावर तशीच नोंद धरली जाईल. म्हणजे येथील पुष्कळ स्त्रियांचा हक्क नुसता निवासाचा नाही, मालकीचा आहे, आणि तो कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या आधीपासून आहे. इतका भक्कम हक्क हाती असताना अडते कोठे?

अडते ते खोलीत. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या हटवून मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाखाली लल्लूभाई कंपाउंडमध्ये जी कुटुंबे आणून वसवली, त्यांना मिळालेली खोली २२५ चौरस फुटांची. दंडाधिकारी १९ व्या कलमाखाली नवऱ्याला घराबाहेर काढू शकतो, घराच्या अमुक भागात येण्यास मनाई करू शकतो, किंवा त्याने पत्नीसाठी तशाच दर्जाची दुसरी जागा भाड्याने घेऊन द्यावी असे फर्मावू शकतो. ‘अमुक भाग’ म्हणजे २२५ चौरस फुटांतला कोणता? मोरीच्या अलीकडचा की पलीकडचा? बरे, नवऱ्यालाच बाहेर काढावे, तर त्याची आई, त्याची अविवाहित बहीण त्याच खोलीत राहते, आणि कायद्याचा परंतुक असा आहे की घराबाहेर काढण्याचा हुकूम कोणाही स्त्रीविरुद्ध देता येणार नाही. ६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतूनच गेलेल्या हरसोरा खटल्यात प्रतिवादीच्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द खोडून काढले आणि सासू-नणंदांविरुद्धही दाद मागण्याची वाट मोकळी केली. परंतु तो परंतुक कायद्याच्या पुस्तकात आजही आहे, आणि मला तो अन्यायाचाही वाटत नाही. वृद्ध सासूला कुर्ल्याच्या हुकमाने रस्त्यावर काढणारा कायदा कोणास हवा आहे? केवळ एवढेच की नवरा खोलीतून गेला तरी नवऱ्याचे घर खोलीत राहते, आणि तो रोज जेवायला ‘आईला भेटायला’ येतो. त्या वेळी दारात उभे राहून हुकूम वाचून दाखवण्याचे काम कोणी करायचे?

मंडाळ्यातल्या झोपडीची गोष्ट याहून विचित्र आहे. सामायिक घर ठरण्यास मालकीहक्काचा दाखला लागत नाही, म्हणून झोपडीतही राहण्याचा हुकूम मिळू शकतो. पण तो हुकूम नवरा-बायकोंच्या दरम्यान बंधनकारक असतो, आणि सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण काढायला येणाऱ्या पथकावर त्याचे काही बंधन नसते.

आता पोटगीकडे वळू. सामनेवाल्याने रक्कम न भरल्यास त्याच्या मालकास किंवा त्याच्या ऋणकोस परस्पर ती रक्कम स्त्रीला देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार २० व्या कलमाने दंडाधिकाऱ्यास दिलेला आहे. हे या कायद्यातले सर्वांत धारदार हत्यार. कारखान्यातील कामगार, पालिकेचा सफाई कामगार, बँकेचा कारकून यांच्यापुढे ते चालते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याचा मालक रोज बदलतो, भंगार वेचणाऱ्याचा मालक म्हणजे त्या दिवशीचा भंगारवाला, आणि भाड्याची रिक्षा चालवणारा संध्याकाळी रिक्षाच्या मालकालाच पैसे देतो, घेत नाही. मग बाईस वसुलीची दरखास्त करावी लागते. तिची रीत जुन्या फौजदारी संहितेच्या १२५ व्या, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाच्या धर्तीची: वॉरंट काढायचे, तरी पैसे आले नाहीत तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केले आहे. पण कैदेत असलेला माणूस त्या महिन्यात नाक्यावरही उभा राहत नाही, म्हणून बाईच्या चुलीच्या दृष्टीने शिक्षा आणि सुटका यांत फारसा फरक उरत नाही.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्याचा दाखला येथे उपयोगी पडेल. त्यात अर्ज २०१३ चा, तात्पुरत्या पोटगीचा हुकूम ऑगस्ट २०१५ चा, आणि त्या तात्पुरत्या हुकमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा नोव्हेंबर २०२० चा. त्या निवाड्याने दोन्ही पक्षांनी मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे देशभराच्या न्यायालयांना बजावले. निवाडा चांगला आहे, आणि पगारपत्रक लपवणाऱ्या नवऱ्यांना त्याने जेरीस आणले आहे. परंतु ज्याच्यापाशी पगारपत्रकच नाही, त्याच्या प्रतिज्ञापत्रात शून्य लिहिलेले असते, आणि ते दर वेळी खोटे असतेच असे नाही.

उरला संरक्षणाचा हुकूम. त्याचा भंग केल्यास ३१ व्या कलमाने एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, बिनजामिनी, आणि एकट्या पीडितेच्या साक्षीवर सिद्ध मानता येण्याजोगा. वस्तीत एरवी ‘एनसी (अदखलपात्र नोंद) करून घ्या’ एवढ्यावर बोळवण होते, तिच्या मानाने हे फार मोठे पाऊल आहे. मात्र कलमाची भाषा ‘संरक्षण हुकमाचा भंग’ अशी असल्याने पोटगी किंवा निवासाचा हुकूम मोडला तर हा गुन्हा होतो की नाही, याविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. बऱ्याच निवाड्यांनी पोटगीसाठी वसुलीचाच मार्ग दाखवला आहे. परिणामी सर्वांत जास्त मोडले जाणारे हुकूम हेच सर्वांत कमी धाकाचे ठरतात.

घरात माणसे कशी वागतील ते न्यायालयास ठरवता येत नाही, याचा अनुभव मुंबईला फार जुना आहे. दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध नांदायला येण्याचा दावा केला, तो न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा अथवा सहा महिने कैद भोगा असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली, आणि १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी प्रकरण मिटवले. हायकोर्टाचा हुकूम तेव्हाही उंबरठ्यापाशीच अडला. फक्त त्या खेपेस ते बाईच्या पथ्यावर पडले.

हुकूम आणि उंबरठा यांमधले अंतर तोडण्यासाठी कायद्याने ‘संरक्षण अधिकारी’ हे पद निर्माण केले. घटनेचा अहवाल लिहिणे, अर्ज करण्यास मदत करणे, वैद्यकीय तपासणीस पाठवणे, हुकमाच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणे, ही सर्व कामे त्याच्या माथी. त्याने कर्तव्यात कसूर केली तर त्यालाही एक वर्षाची कैद किंवा वीस हजारांचा दंड आहे, मात्र खटल्यासाठी राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते; ती मागणारी स्त्री माझ्या तरी ऐकिवात नाही. कायदा येऊन अठरा वर्षे उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले, की जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी जेथे नेमले नाहीत तेथे सहा आठवड्यांत नेमा. या अधिकाऱ्यांच्या कामाचे खरे स्वरूप काय असावे, हे मात्र मानखुर्दच्या शेजारीच देवनारला असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ पासून दाखवले आहे: मुंबई पोलीस आयुक्तालयात तिने सुरू केलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसते, आणि पोलिसाच्या अधिकाराची जोड मिळाल्यामुळे नवऱ्याच्या घरी जाऊन बोलण्याइतके बळ तिच्या शब्दास येते. असे कक्ष पुढे राज्यभर पोहोचले.

असे बळ असलेला अधिकारी प्रत्येक वस्तीत पोहोचेपर्यंत ज्या बाईला अर्ज करावयाचाच आहे, तिने वकिलाकडून काही गोष्टी हट्टाने मागून घ्याव्यात. सोसायटीच्या भागदाखल्यावर आपले नाव आहे की नाही ते आधी पाहावे. नसेल तर खोली विकण्यास किंवा हेवी डिपॉझिटवर देण्यास मनाईचा हुकूम १८ व्या कलमाखाली मागावा, म्हणजे तो मोडणे थेट गुन्हा होईल. खोलीत येण्याची मनाई मोघम न लिहिता इमारत, मजला, जिना यांसह लिहून घ्यावी. हुकमाची प्रत विनामूल्य मिळते आणि तिची एक प्रत पोलीस ठाण्याच्या अंमलदारासही पाठवावयाची असते. ती खरोखर गेली आहे याची खात्री स्वतः ठाण्यात जाऊन करावी. वकिलास द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळण्याचा हक्क कोणत्याही स्त्रीस आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. आणि पोटगी थकली की ‘पुढच्या महिन्यात देतो’ यावर विसंबून दरखास्त लांबवू नये, कारण देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या महिन्याच्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.