नितंबांवरील मेदरोपण : बसू नये, पण पडूनही राहू नये

नवी दिल्ली : पोट, कंबर किंवा मांड्यांवरील चरबी शोषून घेऊन ती नितंबांत भरण्याची सौंदर्यशस्त्रक्रिया ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’ या नावाने जगभर ओळखली जाते. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. बरे होण्यास मात्र अनेक आठवडे लागतात. या काळातील सर्वांत परिचित सूचना म्हणजे ‘बसू नका’. ही सूचना योग्यच आहे. परंतु ती रोपलेल्या चरबीच्या रक्षणासाठी असते. रुग्णाच्या जिवाचे रक्षण करणारे नियम वेगळे आहेत आणि पहिल्या नियमाचा अतिरेक झाल्यास नेमका त्यांचाच भंग होतो.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या जानेवारी २०२४ मधील अहवालाने या जोखमीकडे लक्ष वेधले. २००९ ते २०२२ या काळात डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकी नागरिकांचा मृत्यू झाला. त्यांपैकी २९ प्रकरणांची सविस्तर छाननी झाली. त्यांतील बहुतेकांवर चरबी शोषून घेण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे लायपोसक्शन झाले होते. १६ जणांच्या मृत्यूला मेदगुठळी, तर १० जणांच्या मृत्यूला रक्तगुठळी कारणीभूत ठरली.

दोन गुठळ्यांतील फरक

मेदगुठळीचे मूळ शस्त्रक्रियागृहात असते. नितंबांच्या स्नायूंखाली आणि स्नायूंमध्ये मोठ्या शिरा असतात. चरबी भरणारी नळी खोलवर जाऊन त्यांना इजा झाली, तर चरबी थेट रक्तप्रवाहात शिरते आणि हृदयातून फुप्फुसांपर्यंत पोहोचून तेथील रक्तमार्ग अडवते. हा धोका शस्त्रक्रियेदरम्यान आणि त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. रुग्णाने नंतर कितीही पथ्य पाळले, तरी ही चूक दुरुस्त होत नाही.

म्हणूनच चरबी केवळ त्वचेखालील थरात भरावी, स्नायूत नव्हे, असा आग्रह आज धरला जातो. ब्रिटनमधील सौंदर्य प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रियाच थांबविण्याचा सल्ला दिला होता. २०२२ मध्ये सुधारित मार्गदर्शन करताना तिने चरबी वरच्या थरातच, तीही अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने भरण्याची अट घातली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०२३ च्या कायद्याने या दोन्ही बाबी बंधनकारक केल्या.

रक्तगुठळीचे तसे नाही. ती बहुधा पायांच्या खोल शिरांत, हालचाल मंदावल्यामुळे तयार होते आणि सुटून फुप्फुसांत गेल्यास प्राणघातक ठरू शकते. हा धोका शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे टिकतो. येथे रुग्णाची दक्षता खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

बसण्याचा नियम कशासाठी?

रोपलेल्या मेदपेशींना प्रारंभी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आसपासच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर त्या तग धरतात आणि पुढे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार झाल्यावर स्थिरावतात. या काळात सतत दाब पडल्यास पेशी मरतात. त्यामुळे साधारणतः पहिले दोन आठवडे थेट नितंबांवर बसणे टाळण्यास आणि पालथे किंवा कुशीवर झोपण्यास सांगितले जाते. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत बसताना मांड्यांच्या मागील भागाखाली उशी ठेवावी, जेणेकरून नितंब अधांतरी राहतील. मांडी घालून बसणे, दुचाकीची सवारी आणि लांबचा मोटारप्रवास या काळात टाळलेला बरा. शौचासाठी अल्पवेळ बसण्यास मात्र हरकत नसते.

अनेक रुग्ण या सूचनेचा अर्थ ‘दिवसभर पालथे पडून राहणे’ असा लावतात. तोच घातक ठरतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळपासून, डॉक्टरांच्या अनुमतीने, आधार घेऊन घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांतील रक्त वर ढकलतात आणि ते साचून राहत नाही. पडून असतानाही पावले वर-खाली हलवावीत. पुरेसे पाणी प्यावे. रक्त पातळ करणारी औषधे लिहून दिली असल्यास ती वेळेवर घ्यावीत. स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नयेत. पूर्वी गुठळी झाली असल्यास किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असल्यास ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. धूम्रपान व तंबाखू आधी आणि नंतरही काही आठवडे वर्ज्य करावेत. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरण्यास विलंब होतो.

कोणती लक्षणे दुर्लक्षू नयेत?

चरबी काढलेल्या छिद्रांतून पहिले एक-दोन दिवस गुलाबी पाणी झिरपणे, सूज आणि काळे-निळे व्रण अपेक्षित असतात. पहिल्या स्नानाच्या वेळी भोवळ येऊ शकते, म्हणून जवळ कोणीतरी असावे. मात्र अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे, शुद्ध हरपणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्या उत्तराची वाट न पाहता १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवून जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठावे आणि तेथे मेदरोपणाची माहिती आवर्जून द्यावी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागल्यास त्याच दिवशी तपासणी करावी. ताप, वाढती लाली, दुर्गंधीयुक्त स्राव हे जंतुसंसर्गाचे संकेत आहेत. काही संसर्ग कित्येक आठवड्यांनी गाठींच्या रूपाने प्रकट होतात आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. त्यामुळे उशिरा आलेली गाठही दाखवून घ्यावी.

परगावी शस्त्रक्रिया करून लगेच परतणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. तासन्‌तास एकाच जागी बसवणारा विमान किंवा रेल्वेप्रवास रोपलेल्या चरबीवर दाब आणतो आणि रक्तगुठळीचा धोकाही वाढवतो. परतीचे तिकीट शस्त्रक्रियेच्या तारखेवरून नव्हे, तर डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावे.

निर्णय घेण्यापूर्वी काही प्रश्न थेट विचारण्यास संकोच नसावा. शल्यविशारदांकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही पदवी आहे का? चरबी कोणत्या थरात भरली जाणार? अल्ट्रासाऊंड वापरला जाणार का? रात्री त्रास झाल्यास कोण उपलब्ध असेल?

रोपलेल्या चरबीचा काही भाग शरीर पहिल्या काही महिन्यांत शोषून घेतेच. अंतिम आकार साधारणतः सहा महिन्यांनी स्पष्ट होतो. थोडी चरबी कमी टिकली, तर त्यावर पुढे विचार करता येतो. धाप लागल्यावर गमावलेला तास मात्र परत मिळवता येत नाही.