मांडवीची बेटे व तीरावरील प्राचीन स्थळे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडाच्या अरण्यप्रदेशात उगम पावलेली महादयी नदी घाट उतरून गोमंतकात शिरते आणि पुढे मांडवी हे नाव धारण करून समुद्रास मिळते. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे, हा अर्थ जुन्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. घाटमाथ्यावरचे धान्य बैलांच्या तांड्यांवरून याच प्रदेशात उतरत असे व परतताना मीठ, नारळ आणि सुपारी वर येत असे. आज आपली कुटुंबे सुटीत गोव्यास जातात, समुद्र पाहतात आणि परततात. परंतु व्यापारी माणसाने मनन करावे असे पुष्कळ काही या नदीच्या तीरावर आहे. त्याकडे सभासद बंधु-भगिनींचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मांडवी व जुवारी या दोन नद्यांना कुंभारजुव्याची खाडी जोडते. तिच्यामुळे तिसवाडी तालुक्याचा मुख्य भूभाग बेटच बनला आहे. त्याच्या आसपास दिवाडी, चोडण, जुवें, कुंभारजुवें अशी लहानमोठी बेटे आहेत.

या प्रदेशातील जुनी राजधानी गोपकपट्टण जुवारीच्या तीरावर, आजच्या गोवा वेल्हा गावाच्या परिसरात होती. अकराव्या शतकात कदंबांनी तिला वैभवास चढविले. राजा पहिला जयकेशी याच्या काळच्या ताम्रपटात, बंदरात येणाऱ्या जहाजांवर धर्मकार्यासाठी ठराविक कर बसविल्याचा उल्लेख आहे. आपल्या पेढ्यांवर विक्रीच्या रकमेतून धर्मादाय काढण्याची जी रीत होती, तिचेच हे प्राचीन रूप म्हणावे लागेल. पुढे चौदाव्या शतकातील आक्रमणे व नदीत साचत गेलेला गाळ यांमुळे ते बंदर मावळले आणि व्यापार मांडवीकाठच्या एला या ठिकाणी गेला. अरबस्तानातून येणारे घोडे गोव्याच्या बंदरातूनही विजयनगराकडे जात.

एला म्हणजेच आजचे जुने गोवे. 1510 साली अल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून जिंकले व ती पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाली. 1605 साली अर्पण झालेले बॉम जेझस चर्च आणि से कॅथेड्रल यांची भव्यता पाहून मन थक्क होते. परंतु या देवालयांभोवती गजबजलेले नगर आज कोठे आहे? साथीच्या रोगांनी वस्ती उजाड केली, व्यापार ओसरला आणि 1843 साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीस मिळाला. 1986 साली युनेस्कोने येथील चर्चांचा व मठांचा जागतिक वारशात समावेश केला. पेठा नाहीशा झाल्या, वखारी नाहीशा झाल्या. धर्मकार्यास अर्पण केलेले दगड तेवढे उभे राहिले.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येते. कदंबांचे आराध्यदैवत श्री सप्तकोटेश्वर यांचे मूळ स्थान या बेटावर होते व कोटितीर्थाची पुष्करिणी तेथे अद्याप आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मंदिर पाडल्यावर भाविकांनी देवास नदीपलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वें येथे नेले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार श्रीशिवछत्रपतींनी 1668 साली करविला.

चोडण बेटावर रायबंदराहून फेरीबोटीने जावे. बेटाच्या पश्चिम टोकास खारफुटीच्या वनात डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. धान्याच्या व्यापाऱ्यास त्याहूनही पाहण्यासारखी वस्तू म्हणजे खाजन शेती. खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी रोखावयाचे, ‘मानस’ नावाच्या दारांतून भरती-ओहोटीनुसार त्याची ये-जा सांभाळावयाची आणि पावसाच्या गोड पाण्यावर भात पिकवावयाचे, अशी ही शेकडो वर्षांची युक्ती आहे. बांध एके ठिकाणी फुटला तर सर्वांचेच भात खारते. म्हणून बांधाची राखण गावकऱ्यांनी पूर्वापार एकजुटीने केली. व्यापारी संघासही हा धडा घेण्याजोगा आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. फोंडा तालुक्यातील बांदिवडे येथे भगवान नेमिनाथांच्या बस्तीचे आणि डिचोली तालुक्यातील कुडणें येथे जिनालयाचे जांभ्या दगडातील अवशेष आहेत. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजाचा मंत्री बिचिराज याने 1204 साली उभारली; तेथेही भगवान नेमिनाथच विराजमान आहेत. घाटाच्या वर बस्ती नांदती राहिली, घाटाच्या खाली ती भग्न झाली. हा भेद केवळ दगडाचा नव्हे. जेथे दर्शनास येणारा श्रावक उरला, तेथे दिवा उरला. मंगेशी, नागेशी, रामनाथी येथे आपली मंडळी मोठ्या संख्येने जातात. नागेशीपासून बांदिवड्याची बस्ती फार दूर नाही, तरी तिकडे वळणारे विरळाच.

प्रवासास कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ उत्तम. चातुर्मासात जाऊ नये, कारण व्रतनियम तर आहेतच, शिवाय पावसाने वाटाही निसरड्या असतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे असल्याने बेटांवर सकाळीच जावे व शिदोरी बरोबर ठेवावी.

संघाच्या वतीने दरवर्षी एक यात्रा या दोन बस्त्यांस नेण्याचा परिपाठ पडावा, अशी माझी नम्र सूचना आहे. तेथे मोठे बांधकाम करावयास पाहिजे असे नव्हे. परिसर स्वच्छ ठेवावा, णमोकार मंत्राचा उच्चार व्हावा आणि मुलांस हे आपल्या पूर्वजांचे स्थान आहे असे सांगावे, एवढे पुरे. बंदरे गाळाने भरतात आणि पेठा दुसरीकडे जातात, ते आपल्या हाती नाही. पूर्वजांनी धर्मास दिलेले स्थान ओळखीचे ठेवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.