गाडी खाली घेतली, पकड कुठे गेली?

काळ्या रानात ट्रॅक्टर फसला की वऱ्हाडातला मुरलेला ड्रायव्हर रेस वाढवत नाही. चाक जागच्या जागी फिरून खड्डा खोल होईल, हे त्याला ठाऊक असते. तो पायाजवळचे डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतो. मग मोकळे भिरभिरणारे आणि अडलेले अशी दोन्ही मागची चाके एकाच गतीने फिरू लागतात. वजन वाढावे म्हणून टायरांत पाणी तर त्याने पेरणीआधीच भरून घेतलेले असते.

हाच हिशेब मोटारीला लावताना मात्र अनेकांची गल्लत होते.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. असा सपाट रस्ता समोर असला की गाडी दोन इंच खाली घेण्याचा मोह तरुणांना होणारच. खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते, दिसतेही रुबाबदार. तक्रार येते ती मागच्या चाकांची, विशेषतः इंजिनाची ताकद मागे जाते त्या गाड्यांत. जुन्या पद्मिनी, ॲम्बेसेडर, कॉन्टेसा अशाच होत्या. आजची मस्टँगही तशीच. सिग्नल सुटताच टायर किंचाळतो, गाडी मात्र तिथेच.

यावर नाक्यावरचे ठरलेले उत्तर असे, की गाडी खाली घेतली म्हणून वजन मागे येत नाही. अगदी खोटे नाही, पण हिशेब करून पाहावा. गाडी १४०० किलोची, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, असे धरू. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या वेगवाढीने ती सुटली, तर सुमारे १४० किलो भार पुढून मागे सरकतो. पाच सेंटिमीटर खाली घेतल्यावर हा आकडा १२६ होतो. फरक १४ किलोचा! डिकीत तुरीचे गाठोडे पडले असते तरी एवढे वजन वाढले असते.

खरा घोटाळा सस्पेन्शनमध्ये असतो. गाडी खाली बसली की चाकाला वर सरकायला जागा उरत नाही. जोरात निघताना मागचा भाग दबतो, रबरी बंप-स्टॉपवर आदळतो, आणि त्या क्षणी स्प्रिंग जणू दगड होते. मग रस्त्याच्या बारीकशा उंचवट्यावरही चाक उड्या मारते. जमीन सुटलेल्या चाकाला कसली पकड?

दुसरा घोटाळा कोनाचा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत उंची घटली की मागची चाके सहसा वरून आत झुकतात. टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी; झुकलेल्या चाकात भार तिच्या आतल्या कडेवर येतो. हे तपासायला यंत्र लागत नाही. टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढावी आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी थोडी चालवावी. रेघ फक्त आतून पुसली गेली तर आधी अलाइनमेंट. फक्त मधूनच पुसली गेली तर हवा जास्त आहे.

हवेचे वऱ्हाडात जास्तच पाहावे लागते. तापमान सहा अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय चढतो. अकोल्याचा मे महिना काय असतो, हे सांगायला नको. दाब सकाळी, टायर गार असताना, दारापाशी लावलेल्या स्टिकरप्रमाणे ठेवावा.

बाकी खर्चाचा क्रम सोपा आहे. आधी चांगले टायर. बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यात '२३१९' असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी एव्हाना रबर कडक झालेले असते. मग स्प्रिंगला जुळणारे शॉकअप. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल सर्वांत शेवटी. ते ट्रॅक्टरच्या लॉकचेच शहरी भावंड, फक्त पेडल न दाबता काम करणारे आणि बरेच महाग.

ग्राइंडरने स्प्रिंगचे वेढे कापण्याची स्वस्त युक्ती मात्र कोणी करू नये. स्प्रिंग आखूड होते, कडकही होते, आणि चाक खाली लोंबले की बैठकीतून निसटू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि नियमाने बांधलेला गतिरोधकही दहा सेंटिमीटर उंच असतो. गावोगावचे गतिरोधक किती नियमाने बांधलेले असतात, ते वाचकांनी आपल्या गल्लीत पट्टी लावून पाहावे, मगच गाडी किती खाली घ्यायची ते ठरवावे.